चार नंबरचा माईक

शुक्रवार, संध्याकाळ. सोनई.

हेडफोनचं बटन दाबलं, त्या क्षणी सगळं बदललं.

जे कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं, त्याच्याच गॅदरिंगला आज साउंडचा मिक्सर मांडून बसलो होतो. आठ चॅनेलचा छोटा डबा. चार नंबरवर रोहिणीचा माईक, तेव्हा माझ्याच वर्गात होती. गाण्याआधी तपासायला म्हणून फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी, खाली ठेवून तिचा आवाज फक्त माझ्या कानात घेतला. हॉलला ऐकू जात नाही. पडद्यामागं तिला तरी काय पत्ता?

तिची मैत्रीण म्हणाली, "मिक्सरवर तुझा हिरो बसलाय गं."

"कसला हिरो! माझ्यापायी एकाचं डोकं फोडलं, कॉलेज सोडलं. मी सांगितलं हुतं का? लई भ्या वाटतं मला त्याचं."

भ्या? माझं?

अंगठा फेडरवर होता. वर सरकवला असता तर अख्ख्या हॉलनं ऐकलं असतं. सरकवणारच होतो, खोटं कशाला लिहू. मग कळलं, ती भिते ती माझ्या ह्या असल्या रागालाच.

अंगठा काढला. तिला आवडतो तेवढाच एको दिला. छान गायली.

माईक द्यायला आली. "आवाज भारी लावलास रे." नजर टेबलावर. मी माईक घेऊन त्याची वायर सोडवायला लागलो. वर्षभर जुळवलेलं बोलणं आतच राहिलं. फार थकलोय.

वायरी गुंडाळल्या, मिक्सर बॅगेत घातला. ती स्टेजवर फोटो काढत होती. मागच्या दारानं बाहेर पडलो आणि दार हळूच लावून घेतलं, आवाज न करता.