काजळी न धरणारी पावडर

प्रिय डेल,

सात आठवडे झाले, मी तुझा फोन उचललेला नाही. यंत्रावर तुझे नऊ निरोप साठलेत, आणि नवव्यात तर तू नुसता खाकरून फोन ठेवून दिलायस. ईस्टरच्या जेवणानंतर माझ्या स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता तू मला जे विचारलंस, त्याचंही उत्तर तसंच राहिलं. ते या पत्रात येईल, पण शेवटी येईल. मी तेहतीस वर्षं बेअरिंगच्या कारखान्यात तपासणीस होते. आधी माप, मग सही, असं माझं आयुष्य गेलं. तेव्हा मधली पानं गाळून शेवट वाचू नकोस. वाचशीलच म्हणा, तुला धीर कधी होता?

आधी चांगली बातमी. मला काडतुसात भरायची पावडर सापडली. शिशाच्या गोळीमागे स्वच्छ जळणारी, जिच्यापायी मी दोन वर्षं तुझं आणि आपल्या नेमबाजीच्या सगळ्या क्लबाचं डोकं खाल्लं, ती. काल दुपारी पन्नास बार काढले. काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या बाहेर आल्या त्या पिवळ्याधमक, हात लावला तरी बोट काळं झालं नाही. पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली न जळलेला एक कण नव्हता, आणि रिव्हॉल्व्हरची चक्री शेवटपर्यंत लोण्यासारखी फिरत होती. माझा एमिल असता तर त्याने त्यातली एक पुंगळी खिशात घालून बंबवाल्यांच्या फायर हॉलमधल्या शुक्रवारच्या माशांच्या जेवणाला नेली असती आणि कोबी-शेवयांच्या हालुश्कीच्या पातेल्याशेजारी ठेवून सगळ्यांना दाखवली असती. मला तुला दाखवावीशी वाटली. याचाच मला जास्त राग आला.

तुला आपल्या क्लबाचा नियम आठवतो? भिंतीवर कुठे लिहिलेला नाही, पण लहानमोठ्या सगळ्यांना पाठ. दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या रिव्हॉल्व्हरमध्ये घालायचं नाही. सख्खा भाऊ असला तरी नाही. एमिल आणि मी एकोणतीस वर्षं एकाच बाकावर काडतुसं भरली, तो डाव्या टोकाला, मी उजव्या. पावडरचा डबा बाकावर एका वेळी एकच. त्याचा उघडा असला की माझा कपाटात. लोक हसायचे, म्हणायचे, एका पांघरुणात झोपता आणि पावडर वेगळी? एमिल म्हणायचा, "झोपेत चूक झाली तर फार तर पोर होतं. इथे बोटं जातात." नवऱ्याने भरलेलं एकही काडतूस मी आयुष्यात मारलं नाही, डेल. तुझी मारली. दोन वर्षं, न मोजता.

कशी ते तुला ठाऊक आहे, पण मला ते लिहून काढायचंय. मोतीबिंदूने माझे डोळे गढूळ झाले, तराजूचा काटा दिसेना. मनगटही तेव्हाच कुरकुरायला लागलं होतं, काडतुसं भरायच्या यंत्राचा दांडा शंभरदा ओढला की रात्री भाकरी मोडवायची नाही. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. एवढंच म्हणाले की डोळ्यांमुळे आता बंद करते. तू माझ्या गॅरेजमध्ये उलट्या बादलीवर बसला होतास. म्हणालास, "शिसं तू ओत, ल्युडा, तुझ्यासारखी गोळी या खोऱ्यात कुणाला ओतता येत नाही. पावडर मी घालतो. तू सांगशील ती, तू सांगशील तितकी." मी तिकडे तोंड करून शिशावरची मळी काढत बसले, कारण मला रडू येत होतं. एमिल गेल्यावर तीन वर्षांत कुणी मला असं काही म्हटलं नव्हतं.

आणि मग ती काजळी सुरू झाली. पुंगळ्या बाहेरून काळ्याकुट्ट, नळीत पिवळे कण, चांदणीखाली कचरा. मी वहीत लिहीत गेले. एक पावडर सोडली, दुसरी घेतली, मग तिसरी. गोळीला लावायचं मेण बदललं. शिशात कथिल वाढवलं. पुंगळीचं तोंड गोळीवर जास्त आवळून बघ, असं तू सुचवलंस, तेही केलं. फायर हॉलमध्ये समोरासमोर बसून मी तुला वहीतली पानंच्या पानं वाचून दाखवायची, तुझा मासा गार व्हायचा, आणि तू मान हलवत म्हणायचास, अवघड आहे बुवा. अवघड आहे! नाटकात तरी जायचं होतंस.

पाचव्या डब्याला मी त्या पावडरच्या कंपनीत फोन केला. पलीकडे एक म्हातारासा माणूस होता, फार सभ्य. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, बाई, तुम्ही सांगता ती लक्षणं दाब कमी पडल्याची आहेत. दाब कमी पडला की पुंगळी फुगून चक्रीतल्या खोबणीला चिकटत नाही, धूर बाजूने मागे येतो, पावडर अर्धी कच्ची राहते. तुमचं माप कमी तर नाही ना? मी त्याच्यावर अशी उखडले की काय सांगू. म्हटलं, माप घालणारा माणूस मी चाळीस वर्षं ओळखते, तुम्हाला मी चार मिनिटं ओळखते. त्याने माफी मागितली. डेल, मी एका खरं बोलणाऱ्याला तुझ्यासाठी खोटं पाडलं. परवा त्याला पुन्हा फोन केला आणि माफी मागितली, तर तो म्हणाला, होतं असं, मित्रांवर विश्वास ठेवावाच लागतो. त्यापेक्षा त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मार्चमध्ये डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं, आता पावडर तोलायचं काम माझ्याकडे दे. तू म्हणालास, घाई काय आहे, मी आहे ना. मला ते गोड वाटलं. बाईमाणूस सत्तरीला टेकलं तरी गाढव ते गाढवच.

ईस्टरनंतरच्या मंगळवारी गस मिहालिकने ते गोळीचा वेग मोजायचं यंत्र क्लबात आणलं. तू दात काढायला गेला होतास, म्हणून आला नव्हतास. सगळ्यांनी हौसेने बार काढले, मीही काढले. गसने माझा आकडा पाहिला, तो फारच कमी, म्हणून यंत्र हलवून पुन्हा ठेवलं, म्हणाला आणखी पाच मार. मग माझं खोकं उचलून त्यावरची चिठ्ठी वाचली. तुझं अक्षर. पावडरचं नाव, माप, तारीख. त्याने हळूच विचारलं, "ल्युडा, ही कुणी भरली?" मी म्हटलं, डेलने. गस पंचवीस वर्षं सेक्रेटरी आहे, भांडणं मिटवण्यात त्याचा जन्म गेला. तो खोकं खाली ठेवत म्हणाला, "मग हे डेललाच विचार." आणि दुसऱ्याच्या नेमाची चौकशी करायला निघून गेला.

घरी येऊन मी दहा काडतुसं फोडली आणि आतली पावडर तोलली. एमिलच्या तराजूवर, नव्या डोळ्यांनी. चिठ्ठीवरच्या मापापेक्षा पाचवा हिस्सा कमी. एखाददुसऱ्यात नाही, दहाच्या दहात. मी कारखान्यात आयुष्य काढलंय, डेल. चूक कशी दिसते ते मला माहीत आहे. चूक इकडेतिकडे सांडते, एक जास्त, एक कमी, एखादी बरोबरसुद्धा. या दहांमध्ये केसाचा फरक नव्हता. इतकं सारखं काम फक्त ठरवून होतं. मग मी कपाटातली जुनी खोकी काढली. पाच डबे, पाच पावडरी, प्रत्येकीत तेवढाच पाचवा हिस्सा कापलेला. त्या बिचाऱ्या पावडरी निर्दोष होत्या.

क्लबातून तुझ्या कानावर गेलंच असणार; तुझा तिसरा निरोप मी दोनदा ऐकला. "तुझं मनगट मला दिसत होतं, तू मफलरमध्ये हात लपवायचीस, धक्का हलका केला नसता तर तू खेळ सोडून दिला असतास," असं तू म्हणतोस. खरं असेल. पण मला विचारायचं होतंस. मी चिडले असते, पान्हा फेकून मारला असता, आठ दिवस बोलले नसते, आणि मग कदाचित हो म्हटलं असतं. ती संधी तू मला दिली नाहीस. आणि मी काजळीचं मूळ शोधत वेड्यासारखी दोन वर्षं फिरत असताना मूळ माझ्यासमोर बसून तळलेला मासा खात होतं.

सगळ्यात वाईट काय, ठाऊक आहे? गेल्या जूनची ढाल. एमिलच्या नावाची ढाल मी दोन गुणांनी जिंकली, तुला हरवून. ती माझ्या स्वयंपाकघरात टांगलेली आहे आणि सकाळी कॉफी करताना मी तिच्याकडे बघायचे. तो गेल्यापासून मी स्वतःच्या हाताने मिळवलेली ती एकच गोष्ट. आता बघते तेव्हा वाटतं, हलकी काडतुसं दिलीस तसे ते दोन गुणही दिलेस का? तुझ्या त्या शेवटच्या फेरीत एक गोळी सातच्या वर्तुळात गेली होती. तू कधी सातात मारत नाहीस. मी विचारणार नाही. कारण तू नाही म्हणालास तरी मला आता ते तोलून बघता येणार नाही.

तुला न्याय द्यायचा म्हणून पुढचंही लिहिते. मी पुऱ्या मापाची शंभर काडतुसं स्वतः भरली, ताठ मानेने क्लबात गेले, आणि तिसाव्या बाराला हात टेबलावर ठेवून रडले. मनगटाने नाही म्हटलं. मग रोज थोडं थोडं माप उतरवत गेले, आणि जिथे हात टिकला ते माप निघालं बरोबर पाचवा हिस्सा कमी. तुझंच माप. नजर तुझी चांगली आहे, ते मी नाकारत नाही. पण एकदा खरा आकडा हातात आल्यावर बाकी सगळं एका संध्याकाळचं काम होतं. एवढ्या कमी दाबाला चटकन जळणारी पावडर हवी, चिमूटभर पुरणारी. ती पुंगळीच्या तळाशी इतकी कमी दिसते की चुकून दोनदा पडली तरी कळणार नाही, म्हणून प्रत्येक पुंगळीत दिवा धरून बघते. सहावा डबा आणला आणि पहिल्याच दिवशी काजळी गेली. माझी वही खोट्या आकड्यावर उभी नसती, तर दोन वर्षांपूर्वीच गेली असती.

आता उत्तर. ईस्टरला तू अंगठी हातात ठेवून विचारलंस तेव्हा मी, बघू, म्हणाले. ते बघू खोटं होतं. माझं हो ठरलेलं होतं, मंगळवारी क्लबात सगळ्यांसमोर सांगणार होते, आणि त्यासाठी निळा स्वेटर घातला होता. डेल, मी तुझ्याशी लग्न करणार नाही. तू माझं वाईट केलंस असं मी म्हणत नाही. पण उद्या डॉक्टर काही म्हणाला तर तू मला पाचवा हिस्सा कमी सांगशील, आणि खोक्यावर पुरा आकडा लिहिशील. तुझ्या मायेला तशी सवय लागली आहे. शनिवारी ढालीचा सामना आहे. ये, माझ्या शेजारच्या जागेवर उभा राहा आणि जीव ओतून मार. हरले तर ढाल मी स्वतः तुझ्या भिंतीला ठोकून देईन. काडतुसं पोस्टाने जात नाहीत, म्हणून हे पत्र आणि सोबतचं खोकं गसच्या हाती देते आहे. पन्नासाचं खोकं आहे. चिठ्ठी माझ्या अक्षरात आहे आणि तिच्यावरचा शब्द न् शब्द खरा आहे: पावडरचं नाव, खरं माप, कालची तारीख, काडतुसं एकोणपन्नास, अंगठी एक. मोजून घे.

तुझीच असं लिहायची तयारी होती; आता नुसतीच,
ल्युडा