वर बसायचं काम

वस्ताद,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे लिहायला धीर होतो आहे. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं होत आली. माझ्या गुडघ्यांनी आता दगा दिला, म्हणून आज आपल्या टोळीला नवा मुकादम नेमला. घण मारण्यात सगळ्यांत तरबेज असलेला गडी निवडला, तुम्ही मला निवडलं होतं तसाच. त्याच्या हातातून घण काढून घेतला तेव्हा त्याचा चेहरा उतरला, आणि मला देवासच्या टेकडीखालची ती सकाळ आठवली.

मोठ्या दुष्काळानंतर दरबारनं गावोगाव विहिरी खणायला काढल्या होत्या. माळव्याची काळी माती वरवर मऊ, खाली मात्र काळा फत्तर, सुरुंगाशिवाय हलायचा नाही. त्या कामात माझ्यासारखा हात धारपासून देवासपर्यंत नाही असं लोक म्हणत, आणि मलाही ते पुरतं पटलेलं होतं. तुम्हाला खोकल्यानं घेरलं होतं. मला मुकादम केलंत आणि बक्षीस काय दिलंत, तर एक गोणपाट आणि सात पांढऱ्या गारगोट्या. "आजपासून घणाला हात लावायचा नाही," तुम्ही म्हणालात. "काठावर हे गोणपाट टाकायचं आणि बसायचं. खाली जेवढे सुरुंग ठासले तेवढे खडे डाव्या मुठीत. एक आवाज झाला की एक खडा उजवीकडे. डावी मूठ रिकामी झाल्याशिवाय कोणी उतरायचं नाही, मग दिवस बुडाला तरी चालेल." मी म्हणालो, नुसतं बसून राहिलो तर गडी मला हसतील. तुम्ही खोकत खोकत म्हणालात, "हसू देत. तू खाली उतरशील तर वर कोण राहील रे?" खरं सांगतो, मला तुमचा राग आला होता. म्हाताऱ्याला माझा हात बघवत नाही असंच वाटलं. त्याच श्रावणात तुम्ही गेलात.

पुढचा उन्हाळा. पीपलरावां गावाच्या वाटेवर आपली विहीर चालली आहे, वीस-बावीस हात खोल गेली आहे. मी काठावर बसलो आहे आणि बसणं मला सोसत नाही. खाली दोन गडी भोकं पाडत आहेत, ती तिरकी जात आहेत, घणाचा आवाज पोकळ येतो आहे. त्यांना वरून सांगायचं, पुन्हा करायला लावायचं, त्यांचा हात बसेपर्यंत दम धरायचा, हे माझ्याच्यानं होत नव्हतं. माझं मी करतो तेव्हा अर्ध्या वेळात होतं, मग कशाला बोलत बसा? दोर धरून खाली उतरलो, त्यांना बाजूला सारलं, सातही भोकं मी पाडली, मीच दारू ठासली, सगळ्यांना वर पाठवून बत्तीही मीच दिली. शेवटचा वर आलो तेव्हा खांदे थरथरत होते आणि इतका आनंद मला मुकादम झाल्यापासून झाला नव्हता. गडी वाहवा करत होते. मी मटक्यातलं पाणी घटाघट पीत होतो. आवाज होत होते, ऐकूही येत होते. गारगोट्या मात्र बंडीच्या खिशातच होत्या.

धूर विरला. एक गडी दोराशी उभा राहिला. कामाला सगळ्यांत वक्तशीर, आणि त्या दोन तिरक्या भोकांतलं एक त्याचं, त्यामुळे जरा ओशाळलेला. त्यानं मला विचारलं, "भिया, उतरूं कई?" आजवर त्यानं वर बसलेल्या माणसाला विचारल्याशिवाय दोराला हात लावला नव्हता. ही शिस्त तुम्ही लावलेली. मी तोंड पुसलं आणि म्हणालो, "उतर."

त्यानं खाली पहार मारली आणि न उडता राहिलेला सुरुंग उडाला.

दुसऱ्या दिवशी दरबारचा अंमलदार आला. त्यानं पहिलं विचारलं ते हेच, की आवाज मोजले होते का. मी म्हणालो, मोजले, सात झाले. मग कसं झालं? मी म्हणालो, गड्याजवळ उरलेली दारू असेल, चिलीम पेटवून उतरला असेल. ही चिलीम मला कुठून सुचली देव जाणे. बाकीचे गडी जमिनीकडे बघत राहिले. अंमलदाराचं समाधान झालं. पण संध्याकाळी मेलेल्या गड्याची बायको आली, पदराखालून तिनं चिलीम काढली आणि माझ्यासमोर धरली. "दादा, इनकी चिलीम तर घरीच राहिली होती," म्हणाली. भांडत नव्हती, विचारत होती. मी म्हणालो, दुसऱ्या कोणाची मागून घेतली असेल. तिनं मान हलवली आणि चिलीम पदराआड ठेवून दिली.

त्यानंतर मी कधी खाली उतरलो नाही. सतवासपासून खातेगांवपर्यंत किती विहिरी केल्या, एक माणूस गमावला नाही. तिरकं भोक पडलं तर वरून सांगत राहिलो, दहादा सांगितलं, गडी तयार केले. लोक म्हणतात असा मुकादम झाला नाही. तुम्ही एका वाक्यात सांगितलं होतंत, ते कळायला मला दुसऱ्याचा जीव लागला.

आज नव्या मुकादमाला मी सगळं शिकवलं. गोणपाट दिलं, गारगोट्या दिल्या, घणाला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. त्यानं विचारलं, "भिया, इतकं कडक का?" मी म्हणालो, वस्तादांची शिस्त आहे. मग तो गड्यांकडे वळला आणि मोठ्यानं म्हणाला, "चिलीम वर ठेवून उतरायचं. त्या गड्यासारखा आपल्या हातानं जीव घालवायचा नाही." टोळीत हे आता नेमानं सांगतात, वस्ताद. माझी थाप आपल्या टोळीचा नियम झाली आहे. त्या गेलेल्या गड्याची बायको आपल्याकडेच दगडाच्या पाट्या वाहते. ती तिथंच उभी होती. तिनं ऐकलं, चुंबळ नीट केली, पाटी डोक्यावर घेतली आणि निघून गेली. मी तिच्यापासून चार हातांवर होतो.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, आणि खरं म्हणजे ते तुमचं नाहीच, तिचं आहे. तिलाही वाचता येत नाही. कोणीतरी वाचून दाखवायला हवं, आणि लिहिता-वाचता येणारा आपल्या टोळीत मी एकटाच आहे. याचं मला बरं वाटतं.