स्टार्टरच्या बटणातलं कुंकू

६ ऑक्टोबर १९८५, रविवार

बटण पुन्हा अडकलं! दाबलं की आतच बसतं, आणि स्टार्टर थांबायचं नाव घेत नाही. भालकीच्या भर चौकात बॉनेट उघडून बॅटरीची वायर उपटावी लागली. बघे जमलेच. एकजण म्हणाला, "सायेब, बैलं जुपू का?" मी हसलो, पण डोकं तापलं होतं.

काशप्पाच्या गॅरेजात ट्रॅक्टरच ट्रॅक्टर. उसाचा हंगाम तोंडावर. "दसरा होऊ द्या सायेब." म्हणजे तोवर मी हुमनाबादला बँकेत बसने लोंबकळत जायचं! शिवाय चौदाला जवळच्या मेहकरात दीक्षादिनाची सभा, अध्यक्ष आमचे वडील, अप्पा. त्यांना गाडीतून नेणार असं मीच गावभर सांगून बसलोय.

ठरलं. बटण मी बदलणार.

७ ऑक्टोबर

लॉरीच्या सामानाच्या दुकानात बटण मिळालं. दुकानदाराने विचारलं, "बिठाते कौन जी?" म्हटलं, मैं. तो गालात हसला. हसू दे.

संध्याकाळी अप्पा नेहमीसारखे फाटकाशी उभे. "बसनं आलास? बरं केलास." हायवेवर परवा लॉरी आणि जीप भिडल्यापासून गाडीचं नाव काढलं की त्यांचा चेहरा उतरतो.

१० ऑक्टोबर

रजा टाकली. जमलं! एकट्याने!!

आधी बॅटरीची वायर काढली. मग डॅशबोर्डखाली उताणा शिरलो, पाय रस्त्यावर. बटणामागचा नट हाताला लागतो पण दिसत नाही. पान्हा निसटला, अंगठा सोलला. दोन्ही वायरींना बायकोकडून, विमलकडून, वेगळ्या रंगाचे दोरे घेऊन बांधले, अदलाबदल नको म्हणून. नवं बटण बसलं, दाबलं — एका फटक्यात गाडी चालू. विमल टाळ्या वाजवायला लागली.

इथवर आनंद. मग हौसेने जुनं बटण उघडलं. वरून लख्ख, आणि आत लाल चिखल! तेलात कालवलेलं कुंकू. थरावर थर, वाळून घट्ट झालेलं. म्हणून अडकत होतं तर!

आमच्या घरात? अप्पांनी दीक्षा घेतली त्या साली देव्हारा उचलून मांजरा नदीत सोडला. माय तेव्हा चकार शब्द बोलली नाही, पण बरेच दिवस अप्पांशीही बोलली नाही म्हणे. हा विषय आजही घरात कुणी काढत नाही. म्हातारपणी पुन्हा तेच भांडण उठलं तर? ऐन सभेच्या आधी?

विमलला विचारलं. ती उसळली, "मला काय करायचंय? मला तर गाडीचं दारबी उघडत न्हाई नीट!"

मग मायकडे गेलो. बटण पुढे धरलं. तिने बराच वेळ न्याहाळलं.

"व्हय. म्याच लावलं."

"कामून गं माय?"

"लॉरीवाले डोळे मिटून येतेत. तू त्याच रस्त्यानं जातूस."

मी बोलत सुटलो. शिकलेल्या घरात हे काय, अप्पांनी एवढं सोसलं ते कशासाठी, वगैरे वगैरे. ती ज्वारी निवडत राहिली. शेवटी एवढंच, "झालं तुझं? आता त्यांच्याम्होरं हे काढू नगंस."

ते मी काढणार नव्हतोच. बटण कागदात गुंडाळून कपाटात वर टाकलं.

११ ऑक्टोबर

मायशी धड बोलणं नाही. भाकरी गोड लागेना.

१४ ऑक्टोबर

गाडी झकास चालली. मेहकरात अप्पा तासभर बोलले. या वयात काय आवाज! "नदीत सोडलेलं पुन्ना घरात आणू नगासा! भ्या वाटलं तर एकमेकाचा हात धरा, दगडाचा न्हाई!" टाळ्यांचा कडकडाट. माझा ऊर भरून आला. आणि मायकडे बघवेना. ती बायकांत पुढेच बसली होती, खाली मान घालून, पदर तोंडाला लावून. रडत असावी. वाटलं, उठून तिच्याजवळ जाऊन बसावं. नाही गेलो.

परत येताना अप्पा पुढच्या सीटवर. एवढंच म्हणाले, "दमानं चालीव."

१६ ऑक्टोबर

सकाळी गाडी पुसायला बाहेर आलो तर आत कुणीतरी बसलेलं. अप्पा! डाव्या हातात मायचा कुंकवाचा करंडा. तेलाचं बोट कुंकवात बुडवून बटणावर टेकवलं, डोळे मिटले, ओठ हलले. मग धोतराच्या सोग्याने घासून घासून बटण पुसलं, कुणाला दिसू नये म्हणून.

मी पुढे होणार तोच मागून मायने दंड धरला. हसू दाबत होती, सभेत बसली होती तशीच, पदर तोंडाला लावून.

"गाडी घेतल्यापासनं करायलेत. चल आत, लाजतील बिचारे."