तक्त्यात न आलेली घरं

५ जाने. ९८, सोम.
डिसेंबरचा तक्ता आज आमच्या जालन्याच्या समाजकल्याण कचेरीतून वर गेला. जातीवरून झालेल्या अत्याचाराचे गुन्हे, तालुकावार. आमच्या तालुक्यासमोर याही महिन्यात 'निरंक'. लिहिलं मीच, टाइप केलं रऊफभाईंनी. मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "सुनंदाताई, कागद पे तो ये तालुका एकदम शरीफ है."
तक्ता पाकिटात घालत होते तोच एक माणूस दारात. डोक्याला पट्टी. गावात मारलं, जातीवरून बोलले. सरकारी मदत मिळते असं ऐकून आल्ता. साहेबांनी गुन्ह्याची नक्कल मागितली. ठाण्यात लिहूनच घेतलं न्हाई, म्हणाला. "मग आमच्याकडे तुमची नोंद नाही," साहेब म्हणाले. साहेब वाईट न्हाईत. नियमच तसा. माणूस पायऱ्या उतरून गेला, त्याचं गावही विचारायचं राहिलं.
पाकीट मी चिकटवलं.

११ जाने., रवि.
आठवडाभर डोक्यात होतं ते केलं. तक्ता सांगत न्हाई तर आपणच जाऊन विचारायचं. सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या खर्चानं. पानभर प्रश्न. रऊफभाईंनी कार्बन लावून प्रती काढून दिल्या.
अंबड रोडनं एसटी, पुढं पायी. गावाचं नाव इथंही लिहिणार न्हाई, तसं वस्तीत कबूल केलंय. दिवसभर आपल्या बौद्धवाड्यात फिरले. पहिलाच प्रश्न: वर्षभरात तुमच्यावर जातीवरून अत्याचार झाला का? न्हाई. न्हाई. न्हाई. चहा मात्र प्रत्येक घरी. एक म्हातारबा तर उंबऱ्यातूनच, "समदं बराबर हाय ताई, लिहून टाका."
परतीच्या एसटीत वाटलं, तक्ताच खरा असंल का?
शक्य न्हाई. विचारण्यात चूक होऊन राह्यली.

१३ जाने., मंगळ.
आईवर प्रश्न वापरून पाहिला. भाकरी थापता थापता म्हणाली, "अत्याचार? तसलं काय न्हाई बाई आपल्यात."
मंग उलटं विचारलं. "गावाकडं होतीस तवा काय काय करायचं सोडलंस?"
हात थांबले. चावडीवरून जायचं सोडलं, म्हणाली. दुपारच्याला गिरणीत जायचं सोडलं. का सोडलं? मंग बोलतच राह्यली. तव्यावरची भाकरी करपली. एवढ्या वर्षांत यातलं मला काहीच माहीत नव्हतं, एका घरात राहून.
पहिला प्रश्न खोडला. नवा: वर्षभरात काय करायचं सोडलं? कुठं जायचं सोडलं? कुणामुळं?

२५ जाने., रवि.
पुन्हा तेच गाव, तीच घरं. आज पानं पुरली न्हाईत. मागच्या बाजूनं लिहिलं, समासात लिहिलं.
कडूबाई. पन्नाशीची, नवरा वारलेला, मजुरी करते. "म्या गायरानात जायचं सोडलं. दहा वर्सं कसलं ते आमी. भादव्यात बाजरी कमरेएवढी आल्ती. सहा जणांनी ढोरं घातली. म्या आडवी झाले तर म्हणले..." पुढचा शब्द तिनं उच्चारला न्हाई. मी तेवढी जागा कोरी सोडली.
हात दाखवला. कोपरापाशी वाकडा जुळलाय.
"ठाण्यात गेल्ते की. दिवसभर बसविलं."
"लिहून घेतलं?"
"कायतरी लिव्हलं. अंगठा घेतला."
"मंग मावशी, त्या दिवशी मला न्हाई का म्हणालात?"
"तू इचारलं अत्याचार झाला का. मला वाटलं, अत्याचार म्हंजी माणूस मेल्यावर."

२ फेब्रु., सोम.
ठाण्यात जाऊन आले. तक्ता जुळवणीच्या पत्रावर साहेबांची सही होती, म्हणून हवालदारांनी रजिस्टर पुढं ठेवलं. भादव्याची पानं चाळत गेले. सापडली नोंद. दीड ओळ. 'जनावरे पिकात शिरल्यावरून आपसात बोलाचाली. अदखलपात्र.' हात न्हाई, जात न्हाई, सहा जण न्हाईत. बाजरी आहे. खाली अंगठा.
ॲट्रॉसिटी का लावली न्हाई, विचारलं. "बाई, ते कलम लावलं की मोठे साहेब येतात, बंदोबस्त लागतो, गाव तापतं. आपसात मिटतंय तर कशाला?" आवाजात राग न्हाई, चहाही मागवला.
नोंद जशीच्या तशी उतरवून घेतली, नाव तेवढं सोडून. अक्षर नीट काढलं.

९ फेब्रु., सोम.
साहेबांच्या टेबलावर दोन्ही कागद ठेवले. एकीकडं ठाण्याची दीड ओळ, दुसरीकडं माझी पानं. बराच वेळ वाचत बसले. चष्मा काढून म्हणाले, "सुनंदाबाई, वर पहिला प्रश्न येईल, सांगितलं कुणी? नावं?"
"नावं देणार न्हाई असं कबूल करून विचारलंय, साहेब."
"मग ही ऐकीव माहिती झाली. नावासह, सहीसह आणा. जिल्ह्याच्या बैठकीत मी स्वतः मांडतो."
खोटं बोलत नव्हते. तेच अवघड आहे. नाव आलं तर कागद पुढं सरकणार. पण ते नाव गावात परत पोचायला किती वेळ? आणि कडूबाईची मजुरी त्याच सहा जणांच्या रानात.

१२ फेब्रु., गुरु.
तीन दिवस डोकं भणभणलं. आज ठरलं.
नावं मी देणार न्हाई. ज्याचं त्यानं द्यावं. एकेका घरी परत जायचं. काय काय होऊ शकतं ते आधी सांगायचं, काही न लपवता. मंगच विचारायचं. जे न्हाई म्हणतील त्यांची पानं बिननावाची ठेवायची, पण मोजायची. साहेब नको म्हणाले तरी मोजायची. रऊफभाईंना सांगितलं. म्हणाले, "कार्बन ज्यादा लगेगा फिर."

१ मार्च, रवि.
आधी कडूबाई. सगळं सांगितलं. काम बंद होईल, धमकी येईल, कदाचित काहीच होणार न्हाई, हेही. ऐकून घेतलं. म्हणाली, "लिही. कडूबाई. मधी नवऱ्याचं नाव नको घालू. मार म्या खाल्लाय."
पुढच्या घरी न्हाई म्हणाले. त्याच्या पुढच्या घराला कुलूप.
शेवटी एक तरुण मास्तर, याच गावच्या शाळेत नोकरीला. त्यानं गावातल्या हॉटेलात चहा प्यायचं सोडलंय, कप वेगळा ठेवतात म्हणून. त्यावर बोलला तर धक्का देऊन बाहेर काढलं. आज म्हणाला, "ताई, मी सही केली. कागद गेला. सोमवारी तुम्ही जालन्यात, आम्ही इथं. बराबर?"
"बराबर."
"मंग त्याच्या पुढच्या सोमवारी?"
याचं उत्तर आधीच तयार करून यायला पाहिजे होतं. म्हणाले, "पुढच्या रविवारी येते. त्याच्या पुढच्याही. सोमवारचं मला खरंच सांगता येत न्हाई."
त्यानं बायकोकडं पाहिलं. लेकरू तिच्या मांडीवर झोपलेलं. ती म्हणाली, "कागद इथंच राहू द्या. आम्ही वाचतो दोघं. मंग बघू."
कागद तिच्या हातात दिला. पेनही दिलं.