कोरं कापड

अमडापूर,
१ डिसेंबर २०२४

सौ. सुवर्णाबाई विहीणबाईंना पुष्पाबाईचा स. न. वि. वि.

फोनवर आपण दोघी एकदमच बोलतो आणि कोणालाच काही कळत नाही. म्हणून तुमच्या सूनबाईंनी, म्हणजे आमच्या योगिनीने, हुकूम सोडला आहे की बाळाच्या गोधडीचं काय ते पत्रातून ठरवा. तिला आठवा महिना लागला. चिंचा खाणं आणि हुकूम सोडणं, दोन्ही जोरात आहे.

लग्नाची बोलणी करायला आलो तेव्हा तुमच्या घरी अंगावर घेतलेली गोधडी मी अजून विसरले नाही. एवढा बारीक टाका आमच्या गावात कोणाच्या हाताला नाही, हे मी चारचौघींत सांगते. तेव्हा शिवायची तुम्हीच, कापड मात्र माहेरचं. खामगावहून लाल आणि पांढरं सुती आणलं आहे. जावईबापू प्रज्वलराव दर रविवारी येतातच, त्यांच्या हाती देते.

एकच विनंती, शिवण्याआधी ते पाण्यात घालू नका. माहेरचा आहेर कोराच जावा, अशी आमच्याकडे रीत आहे. बारशाला हीच पाळण्यात अंथरू.

मायेत कसर नाहीच, ती तुमच्याकडूनही नसावी.

आपली,
पुष्पा

जळगाव जामोद,
९ डिसेंबर

सौ. पुष्पाबाईंना सुवर्णाचा स. न. वि. वि.

कापड पोचलं. हात फिरवला आणि तुमच्या पारखीला मानलं. पण विहीणबाई, धुतल्याशिवाय त्याला सुई लावायची माझी तयारी नाही. लाल रंग पांढऱ्यावर उतरेल, खळ बाळाच्या अंगाला टोचेल, आणि पहिल्याच धुण्यात कापड आटून गोधडी आखडेल. आमच्या ह्यांनी बजावलं आहे की आहेर बुडवशीन तर विहीणबाई तुले बुडवतीन. तरी मी धीर करून लिहिते आहे.

योगिनीला चिंचा कमी द्या. होकार लवकर कळवा.

लोभ कापडासारखा आटू देऊ नका.

आपली,
सुवर्णा

अमडापूर,
१५ डिसेंबर

सौ. सुवर्णाबाईंना स. न. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. राग आला, तो लपवत नाही. माझ्या आईने जन्मभर कोऱ्या कापडाच्याच गोधड्या शिवल्या. कापड आणि दोरा सोबत आटतात, चुण्या पडतात आणि त्या चुण्यांतच ऊब राहते. रंगाचं म्हणाल तर दुकानदाराने पक्का म्हणून दिला आहे.

आमच्याकडून आलेलं कापड घरात घेण्याआधी धुवावं लागतं, असं बायका म्हणाल्या तर मी तोंड कुठे लपवू? धुवायचंच असेल तर परत पाठवा. मी माझ्या हाताने वाकडीतिकडी शिवीन.

लोभ आहे, पण आज तो रुसला आहे.

पुष्पा

जळगाव जामोद,
२२ डिसेंबर

पुष्पाबाई, स. न. वि. वि.

कापड प्रज्वलसोबत परत पाठवते आहे. पण आधी हे सगळं वाचा.

तुमचं पत्र आल्यावर मी हट्ट सोडला आणि कोरंच शिवायला घेतलं. पाचव्या ओळीत सुई मोडली. मग दुसरी मोडली. वर्षभरापासून माझ्या बोटांची पेरं सुजतात. खळीच्या कापडाच्या तीन थरांतून सुई रेटायला जोर पुरत नाही. मऊ कापडात अजून हात चालतो. रंग, खळ, आटणं, ते सगळं खरंच आहे, पण माझा आग्रह त्यासाठी नव्हता. तुम्ही माझा टाका चारचौघींत सांगता, म्हणून सांगायची लाज वाटली.

एक तुकडा धुऊनही पाहिला. आमच्या खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, तो वाळून पत्र्यासारखा झाला. पुढच्या हिवाळ्यात सुई धरता येईल की नाही, डॉक्टरांना सांगता येत नाही. ही एक गोधडी मला फार शिवायची होती. आता तुम्हीच शिवा. घातलेल्या ओळी उसवल्या आहेत.

घरात हे कोणाला माहीत नाही. कळलं तर मला कोणी कामाला हात लावू देणार नाही. एवढं पोटात ठेवा आणि जमलं तर राग सोडा.

तुमची,
सुवर्णा

अमडापूर,
२९ डिसेंबर

प्रिय सुवर्णाबाईंना पुष्पाचा मनापासून नमस्कार, वि. वि.

मी चुकले. पत्र वाचून मला रडू आलं, आणि माझ्या मागच्या पत्राची लाज वाटली.

परवा विहिरीच्या पाण्यात कापड भिजवलं, लाल वेगळं आणि पांढरं वेगळं. लालचं पहिलं पाणी कुंकवासारखं निघालं. चौथ्याला कुठे नितळ आलं. आठ मीटरचं साडेसात भरलं. गोधडी थोडी तोकडी होईल, पण बाळ तरी कुठे लांब असणार आहे.

योगिनी येऊन विचारू लागली की आई, कोऱ्या आहेराले काऊन धुऊन राह्यली तू. शेजारच्या दोघीही होत्या. मी तिघींनाही सांगितलं की सुवर्णाबाईंचंच खरं होतं, मीच उगीच अडून बसले होते. आई चुकले म्हणते हे पोरीने जन्मात पहिल्यांदा ऐकलं, त्यामुळे पुढचं काही विचारायचं तिला सुचलंच नाही. बोटांचं कोणाला कळलेलं नाही.

थर घालून कडा टाचून दिल्या आहेत. चाळीस सुयांत दोरा ओवून त्या काठाने टोचून ठेवल्या आहेत. सावकाश शिवा. कुठे हात थांबलाच, तर कोणाला काही सांगू नका. सुई तिथेच टोचून गोधडी माझ्याकडे धाडा. पुढच्या ओळी मी घालीन, आणि बारशाला कोणी विचारलं तर सांगीन की बारीक टाके विहीणबाईंचे आहेत, जाडेभरडे माझे. मीच हट्टाने मध्ये हात घातला.

बोटांना जपा. माया आहेच.

तुमची,
पुष्पा