पाच वितींचं तोरण

मुनिरका, नवी दिल्ली
२ मे १९९४

तीर्थरूप आईस,
सुनेत्राचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून तू रागावली असशील, पण आधी बातमी वाच. मयूर विहारच्या आपल्या सोसायटीत फ्लॅटच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि आम्हाला चौथा मजला मिळाला. बाल्कनीतून यमुना दिसते, असं विक्रांत ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटला आहे. मी जाऊन पाहिलं. दिसतात त्या म्हशी आणि काकडीचे मळे, पण वारा छान येतो. सेक्रेटरी म्हणाले, दसऱ्याला किल्ली बिल्कुल पक्की. चार वर्षं ते हेच म्हणताहेत, पण या वेळी निदान दरवाजे तरी बसले आहेत.

आई, अकरा वर्षांत आमची पाच घरं झाली. दर वेळी मी तुझ्याकडे तोरण मागितलं आणि दर वेळी तू लिहिलंस की भाड्याच्या दाराला माझं तोरण बांधायचं नाही, स्वतःचं दार होऊ दे. आता झालं. तेव्हा तोरण विणायला घे, आणि पोस्टाने पाठवू नकोस, घेऊन ये. मिरजेत गाडीत बसलं की निजामुद्दीनलाच उतरायचं, मध्ये बदलायचीसुद्धा भानगड नाही. तू माझ्या घरात एकदाही चहा प्यायली नाहीस, हे मला आता फार लागतं.

अश्लेषाला सुट्टी लागली. नऊ वर्षांची घोडी दिवसभर केबलसमोर पसरलेली असते आणि मम्मी, बोर हो रही हूँ, हे दर अर्ध्या तासाने सुनावते. तू आम्हाला सुट्टीत हाताने काय काय करायला लावायचीस, त्यातलं सोपं काही लिहून पाठव. माझी उरलेली लोकर माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत असेल. तीही पाठवशील का?

बाबांना नमस्कार. आमच्यावरचा जीव आहे तसाच राहू दे.

तुझी,
सुनेत्रा


मिरज
११ मे १९९४

चि. सौ. सुनेत्रा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. ह्यांनी ते शेजारच्या गुलाबरावांनाही वाचून दाखवलं आणि यमुना तेवढी ठेवून म्हशी गाळल्या.

अश्लेषासाठी पहिलं काम लिहिते. दिवाळीची, नव्या वर्षाची जुनी ग्रीटिंग कार्डं काढ. एका डब्याला सारख्या मापाचे बारा चौकोन लागतात. दोन-दोन चौकोन पाठीला पाठ लावायचे, चित्र बाहेर. कडेने दाभणाने सारख्या अंतरावर भोकं पाडायची आणि लोकरीने काजाचा टाका घालत जायचं. मग बाजू एकमेकींना शिवायच्या, झाकण एकाच कडेला. भोकं तू पाडून दे, दाभण तिच्या हाती नको. दुसरं काम लोकरीच्या गोंड्यांचं. पुठ्ठ्याच्या दोन चकत्या, मध्ये भोक, त्यावर लोकर भरपूर गुंडाळायची, कडेने कात्री चालवायची, चकत्यांच्या मधून दोरा आवळून बांधायचा. पहिला गोंडा वेडावाकडा होईल. तुझाही झाला होता, आणि तू तो चुलीत टाकायला निघाली होतीस, हे तिला जरूर सांग.

तोरणासाठी दाराचं माप कळव. तिथे टेप लावत बसू नकोस, तुझ्या वितीने मोज. टेपचं मला कळत नाही असं नाही, पण क्रोशाचं सगळं काम मी जन्मभर वितीवर केलं. तुझी-माझी वीत एकच, बांगड्यांचं मापही एकच. तू तिथे जेवढ्या विती घालशील तेवढ्याच मी इथे घालीन.

लोकर उद्या काढते. मी चढतो, असं हे म्हणतात. ह्यांना स्टुलावर चढवायचं आणि खाली मी देवाचं नाव घेत उभं राहायचं, त्यापेक्षा मीच चढलेली बरी. दसऱ्याला मी येतेच. हे आले तर ह्यांना घेऊन, नाही तर एकटी.

विक्रांतरावांना आशीर्वाद. उन्हात फिरू नका, आणि पत्राला आळस करू नकोस.

तुझी,
आई


मिरज
३० मे १९९४

चि. सौ. सुनेत्रास अ. आ.

सोबत लोकरीचं पार्सल आहे. रंग नऊ. तुझ्या आईला घरातल्या कामांमुळे सध्या लिहायला सवड नाही, म्हणून मी लिहीत आहे. प्रकृती उभयतांची ठीक. काळजीचं काहीही कारण नाही. पाऊस अजून नाही.

सर्वांना आशीर्वाद. तुमची खुशाली कळत असावी.

तुझे,
बाबा


मुनिरका
१९ जून १९९४

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. पण ते शिवलं कुणी? टाके एवढे मोठे की एका टाक्यातून पिवळी लोकर डोकं काढून बघत होती. पार्सल शिवायला तू आजवर कुणाला हात लावू दिला नाहीस. बाबांना शिवण शिकवते आहेस की काय?

अश्लेषाचे तीन डबे झाले. एकात तिची खोडरबरं, एकात माझ्या पिना. तिसरा तुझ्यासाठी ठेवला आहे, तू आलीस की ती तो हातात देणार. गोंडे तर इतके केले की विक्रांतच्या ऑफिसच्या बॅगेलाही एक लटकतो आहे. त्याची कंपनी आता परदेशी लोकांनी घेतली, टाय सक्तीचा झाला. टाय आणि गोंडा दोन्ही लावून तो रोज बसला लटकतो. तिला मराठीत गोंडा म्हणवत नाही, फुंदनाच म्हणते. पण आजीचा फुंदना, असं म्हणते.

काल साइटवर गेलो. मजुराचं घमेलं पालथं घालून त्यावर उभी राहिले आणि दार मोजलं. डाव्या हाताने, तू मोजतेस तसं. पाच विती बरोबर, वर एक बोटही नाही. वितीला तीन पानं धरलीस तर पंधरा होतील. पाचवी वीत घातली आणि तिथेच रडू आलं. गवंडी बिचारा घाबरून विचारायला लागला की बहनजी, गिर गईं क्या.

तुझ्या पत्राची वाट बघते. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सुनेत्रा


मिरज
१७ जुलै १९९४

चि. सौ. सुनेत्रा हिस अनेक आशीर्वाद.

पार्सल ह्यांनीच शिवलं. निवृत्त माणसाला काही तरी उद्योग हवा. हल्ली लसूणही तेच सोलतात, आणि एकेक पाकळी बँकेतल्या नोटेसारखी उजेडात धरून बघतात. पोळ्यांना पार्वतीबाई लावली आहे. मला मेलीला आता आराम आवडायला लागला, दुसरं काही नाही.

तोरण सुरू केलं. पांढऱ्या दोऱ्याची पट्टी, तिला हिरवी पानं. काम हळू चालतं, पण दसऱ्याच्या आत होईल. येण्याचं मात्र पक्कं धरू नकोस. ह्यांचे गुडघे, मग गौरी-गणपती. तोरण पोस्टाने आलं तरी ते तोरणच असतं. नंतर थंडी सरली की बघू.

मनाला लावून घेऊ नकोस. अश्लेषाचा डबा जपून ठेव.

तुझी,
आई


मयूर विहार, दिल्ली
१६ ऑक्टोबर १९९४

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

किल्ली खरंच मिळाली. दसऱ्याला दूध उतू घातलं आणि काल सामान आलं. तोरणही कालच मिळालं. सुंदर आहे, आई. शेजारच्या कौरआंटी हात फिरवत कितीतरी वेळ उभ्या होत्या.

पण ते दाराला पुरलं नाही. विक्रांतने टेप लावला. दार चाळीस इंच, तोरण साडेबत्तीस. मी म्हटलं, माझंच माप चुकलं. पुन्हा हाताने मोजलं तर पाच विती बरोबर. पानं मोजली, ती पंधरा, म्हणजे तू काही गाळलेलं नाहीस, फक्त सगळी दाटीवाटीने बसली आहेत. दोरा आटला असेल, असं विक्रांत म्हणाला. शेवटी ते फरशीवर पसरून मी विचार करत बसले. माझ्या वितीने ते चार आणि वर थोडं भरत होतं. अश्लेषा शेजारी गुडघ्यावर बसून माझी नक्कल करत आपला हात टाकत गेली आणि म्हणाली, मम्मी, पूरे पाँच.

आई, अश्लेषा नऊ वर्षांची आहे. तुझी वीत तिच्याएवढी कशी झाली?

मग मला एकेक आठवायला लागलं. बाबांचे टाके, लसूण, पार्वतीबाई, तुझा येण्याचा नकार. एसटीडी बूथवर जाऊन गुलाबरावांकडे फोन लावला, तर तू आलीस आणि सगळं छान, सगळं छान, असं ओरडलीस. माझ्यामागे सहा माणसं रांगेत होती, मला विचारता आलं नाही. म्हणून इथे विचारते. तुझा डावा हात उघडत नाही ना? आणि हे कधीपासून? मी लोकर मागितली तेव्हापासून का? खरं लिही.

तुझी,
सुनेत्रा


मिरज
२५ ऑक्टोबर १९९४

चि. सौ. सुनेत्रा हिस अनेक आशीर्वाद.

तू विचारलंसच, तर लिहिते. मे महिन्यात स्टुलावरून पडले. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर होतं. प्लास्टर निघालं, पण बोटं आखडली ती आखडलीच. लोकर तू मागितलीस हे खरं, पण चढायची घाई माझी होती. तू स्वतःला दोष देशील म्हणूनच ह्यांना शपथ घातली. ते बिचारे तेव्हापासून पत्र लिहायलाच घाबरतात.

तोरण कमी पडलं याचं मात्र वाईट वाटलं. मी दर चार दिवसांनी वीत घालून बघत होते. मला ती माझी नेहमीचीच वाटली. हात कमी झाला हे हाताला कळत नाही गं.

आता तुला राग येईल असं लिहिते. हात पूर्ण उघडेपर्यंत मी येणार नाही. लेकीच्या नव्या घरी जायचं ते चार डबे भरून द्यायला, पडदे शिवायला, बाळंतविड्यासारखं सगळं हौसेने करायला. तिने मला वेणी घालून द्यावी म्हणून नाही जायचं. राहिलेली वीत तू विणून जोड आणि दिवाळीच्या आत दाराला लाव. नव्या घराचं दार तोरणाविना उघडं ठेवू नये.

तुम्ही सुखात असा, एवढंच माझं औषध.

तुझी,
आई


मयूर विहार
१० नोव्हेंबर १९९४

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

दिवाळी झाली. दार उघडंच ठेवलं. तोरण अश्लेषाच्या तिसऱ्या डब्यात ठेवलं आहे, आणि मी त्याला एक टाकासुद्धा घालणार नाही.

या घरात भिंती स्वतःच्या आहेत, पाणी चोवीस तास आहे, आणि संध्याकाळी कुकरची शिट्टी झाली की मला वाटतं आता तू आतून गॅस बारीक कर म्हणशील. तू काही करायला यावंस असं मला नकोच आहे. तू नुसती खुर्चीत बस आणि माझ्या चहाला नावं ठेव. तुझी वेणी मी घातली तर माझं काय जाणार आहे? तू माझी सोळा वर्षं घातलीस.

डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तू करत नाहीस, असं बाबांनी शपथ मोडून कळवलं. म्हणून अश्लेषाने तुला एक काम काढलं आहे. फार सोपं आहे म्हणे. कार्डशीट घ्यायचं, डावा हात जमेल तेवढा पसरून त्यावर ठेवायचा, भोवती पेन्सिल फिरवायची, कात्रीने कापायचं आणि दर पंधरा दिवसांनी इकडे पाठवायचं. कापायला आजोबांची मदत चालेल. ती इथे आपल्या हातावर ठेवून बघणार आणि भिंतीवर ओळीने लावणार.

नाही म्हणू नकोस. तिच्यासाठी तरी.

तुझी,
सुनेत्रा


मिरज
२९ जानेवारी १९९५

चि. सौ. सुनेत्रा हिस अनेक आशीर्वाद.

सोबत सहावा हात पाठवते. अश्लेषाला सांग की दुसरा पहिल्यापेक्षा मोठा होता आणि तिसरा दुसऱ्यापेक्षा, तेव्हा मला लहान मुलीसारखा आनंद झाला होता. हा मात्र पाचव्याबरोबर ठेवून पाहिला. दोन्ही सारखे भरले. डॉक्टरांनाही दाखवले. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, आजी, आता एवढाच.

दोन दिवस ते कागद मी उशाखाली दडवून ठेवले. तिसऱ्या दिवशी मनात आलं, पूर्ण उघडेपर्यंत येणार नाही असं मी लिहून बसले, म्हणजे आता कधीच यायचं नाही का? त्याच दुपारी ह्यांना स्टेशनवर पाठवलं. वीस फेब्रुवारीची दोन तिकिटं आहेत.

तोरणाला तू टाका घातला नाहीस ते बरं केलंस. खिळे दाराच्या मापाने ठोकून ठेव. कमी पडलेली वीत तू तुझ्या हाताने मोजून दे. सुई माझा उजवा हात चालवेल. डाव्या हातातून दोरा सारखा निसटतो, तो अश्लेषाने माझ्या शेजारी बसून धरायचा. आमचे हात अजून जवळजवळ एका मापाचे आहेत, जमेल आम्हाला. राहिलेली पानं तेवढ्यात ती शिकेल.

विक्रांतरावांना सुट्टी काढायला लावू नकोस, तूच स्टेशनवर ये. माझ्याजवळ या वेळी डबे नाहीत, लाडू नाहीत. एका हाताने उचलेल एवढीच पिशवी आहे. दुसरा हात तू धर.

भेटीअंती सगळं बोलूच. तोवर सुखी राहा.

तुझी,
आई