भाऊजी, पहिल्या रांगेत बसा

ता. ९, शनिवार
दुपारची भांडी आवरून

भाऊजींना वहिनीचा नमस्कार.

जाऊबाईंचा खोकला कसा आहे? माझे गुडघे आज कुरकुरत नाहीत. आनंदाला औषधाचा गुण असतो म्हणतात ते खोटं नाही. माझी शाळा तिसरीतच सुटली, तेव्हा अक्षराला हसा हवं तर, मजकुराला हसू नका.

तर आपल्या नातीची गाडी, शाळेची मुलं ने-आण करून ती पोट भरते ती. तिने त्यात कॉम्प्युटर बसवलाय ना, समोरचं चित्र नि आतलं बोलणं धरून ठेवणारा? त्यावर लिनक्स म्हणून काही चालतं. फुकट मिळतं म्हणे. फुकटचं आणि इतकं इमानी! मला वाटायचं, या घरात तशी मी एकटीच.

त्याचं दुखणं एकच. तो सारखा डिस्कवर लिहीत असतो. मध्येच किल्ली काढली की वीज जाते, आणि भरल्या ताटावरून उठवल्यासारखं होतं त्याचं. लिहिलेलं नासतं. म्हणून पोर बजावायची, "आजोबा, आधी बटण, मग किल्ली." तुम्ही ते नीट ध्यानात ठेवलंत. शाळेच्या फाटकाचा खांब पडला त्या दिवशी तर फारच नीट.

सकाळी गाडी तुमच्याकडे, दुपारी तिच्याकडे. खांब कुणी पाडला ते बघावं, तर डिस्क उघडेचना. तुम्ही चारचौघांत म्हणालात, "पोरींच्या हाती गाडी दिली की असंच व्हायचं." शाळेने मुलांची ने-आण काढून घेतली. पोर जेवेना. तुम्हाला चहा मात्र मीच दिला, साखर घालून. आठवतंय?

मग ती कामाला लागली. कॉम्प्युटरपाशी छोटी बॅटरी बसवली. किल्ली निघाली तरी तो जरा वेळ जागा राहतो, हातातलं लिहून संपवतो, मगच निजतो. तो ज्याच्यावर चालतो ते लिनक्सचं मुख्य बिऱ्हाड वेगळं कुलूपबंद केलं, वाचा पण हात लावू नका. चित्रं दुसऱ्या डिस्कवर.

हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. वय झालं हो माझं.

परवा गाडी मागायला आलात, तेव्हा किल्ली मीच आणून दिली. शिंप्याची स्कूटर आडवी केलीत. खटकन किल्ली काढलीत. आणि मग गाडीतच निवांत बसून शेजारच्या जाऊबाईंना म्हणालात, "खांबासारखं हेही पोरीच्या नावावर खपेल. मशीन मेलंय." जाऊबाई म्हणाल्या, "अहो, पोट आहे तिचं ते." त्यांच्यासाठी उशीची खुर्ची ठेवलीय.

मशीन जागं होतं, भाऊजी.

उद्या चारला आमच्याकडे मोठ्या टीव्हीवर दाखवणार आहोत. शाळेच्या बाई येताहेत, शिंपी येतोय, त्या दिवशी माना डोलावणारे सगळे येताहेत. तुम्ही आल्याशिवाय लावायचं नाही, असं मी बजावलंय. आणि गुपचूप पुसून टाकायचा विचार असेल तर सांगते, त्याच्या तीन नकला केल्यात, एक डिस्क माझ्या डाळीच्या डब्यात आहे, दुसरी पोरीकडे, आणि तिसरी कुठे आहे ते मी मरतानाही सांगणार नाही.

पोर म्हणते, "आजी, जाऊ दे, म्हातारे आहेत." मी म्हटलं, मीही म्हातारीच आहे की, मग बरोबरीचा सामना झाला.

चालत या. किल्ली आता माझ्या कमरेला असते.

चहाला साखर घालणारी,
तुमची अडाणी वहिनी